अबोला कुणी सोडायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले तीन आठवडे आपल्या वाचकपत्रांत माझ्या वयाच्या लोकांची पत्रं वाचतो आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला गेली, फोन करत नाहीत, केला तर दोन मिनिटांत ठेवतात, सुटीत आली तरी मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. मी ६३ वर्षांचा आहे. सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून ३४ वर्षं काढली आणि २०२० साली निवृत्त झालो. दोन मुली. थोरली पुण्यात नोकरीला, धाकटी लग्न होऊन नाशिकरोडला. सहा-सात वर्षांपूर्वी मला लिहायला सांगितलं असतं, तर मीही हेच पत्र लिहिलं असतं. आज मात्र दुसरं लिहायला बसलोय. लांबेल, हे ठाऊक आहे. जागेअभावी कापावं लागलं तर जरूर कापा, फक्त स्कूटरचा भाग तेवढा राहू द्या.

माझं बालपण तांबट लेनमधल्या एका वाड्यात गेलं. दोन खोल्या, समाईक मोरी, आणि खाली ओट्याला लागून अण्णांचं दुकान. अण्णा म्हणजे माझे वडील. तांब्या-पितळेची भांडी घडवायचे. ज्यांनी हे काम पाहिलंय त्यांना मठारकाम माहीत असेल. भांडं आकाराला आलं की त्याच्या अंगावर हातोडीने एकसारखे, जवळजवळ ठोके मारत जायचं. त्याने पत्रा कडक होतो आणि अंगावर त्या चकाकणाऱ्या टिकल्या उठतात. अण्णांचं मठार गावात नावाजलेलं होतं. ठोका ठोक्यासारखा. ते मनाने शांत असले की वर माजघरात बसून ऐकताना घड्याळ ऐकतोय असं वाटायचं.

आणि शांत नसले की ठोका चुकायचा. दोन जोरात, एक हलका, मग थांबायचा, मग परत एकदम जोरात. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून मला ते कळायचं. खालून ठोका बिघडल्याचं ऐकू आलं की मी दप्तर आवरायचो, धाकट्या भावाला गप्प करायचो, आईच्या हातून भांडं वाजू नये म्हणून तिला खूण करायचो. कुणी शिकवलं नव्हतं. कान शिकले होते.

अण्णा मारायचे. त्या काळी कोण मारत नव्हतं असं कुणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण मी सांगतोय ती गोष्ट माराची नाही.

१९७१ साली, मी नऊ वर्षांचा असताना, दिवाळीच्या आधी एका लग्नाच्या ऑर्डरचं घंगाळ तयार करून ठेवलेलं होतं. तुळशीच्या लग्नानंतर न्यायचं होतं. मी ते उचलून बघायला गेलो आणि हातातून निसटलं. ओट्याच्या पायरीवर आपटून त्याच्या काठाला पोचा आला. अण्णांनी त्या दिवशी मला हात लावला नाही. एक शब्द बोलले नाहीत. पोचा काढला, घंगाळ परत मठारलं, आणि त्यानंतर ते माझ्याशी १९ दिवस बोलले नाहीत. मी समोरून गेलो तरी नजर माझ्यातून आरपार जायची. आईला म्हणायचे, "त्याला सांग, जेवायला बस." मी तिथेच, दोन हातांवर असायचो. मी पाया पडलो, दुकान झाडलं, पाण्याच्या कळशा भरल्या. रात्री अंथरुणात दुसऱ्या दिवशी काय केलं म्हणजे ते बोलतील याचा विचार करत पडायचो. नरकचतुर्दशीला पहाटे त्यांनी मला "ऊठ, अंघोळ" अशी हाक मारली आणि अबोला संपला. घरातल्या सगळ्यांनी सुस्कारा टाकला. काय झालं होतं, का झालं होतं, यावर त्या दिवशी किंवा पुढे कधीही एक वाक्य कुणी उच्चारलं नाही.

माराचे वळ मला आज आठवत नाहीत. ते १९ दिवस मोजून सांगता येतात.

अण्णा राक्षस नव्हते, हेही लिहायला हवं. त्याच वर्षांत घराघरांत स्टीलची भांडी यायला लागली होती. हंडे-कळश्या मोडीत निघत होत्या, कल्हईवाल्याच्या फेऱ्या कमी होत होत्या. हातात कला असलेल्या माणसाला गिऱ्हाईक नव्हतं. रंगपंचमीला तिवंधा चौकातली रहाड, म्हणजे जमिनीतला रंगाचा हौद, उघडायची तेव्हा हेच अण्णा पोरांसारखे रंगात उडी मारायचे, त्यांचा धप्पा बघायला आळीतली पोरं थांबायची, आणि मला खांद्यावर घेऊन ओले चिंब घरी यायचे. तो एक दिवस मला वर्षभर पुरवावा लागायचा. त्यांच्या रागाचं कारण मला मोठेपणी कळलं. कारण कळल्याने झालेलं पुसलं गेलं नाही, आणि दोन्ही खरं असू शकतं हे समजायला मला साठी गाठावी लागली.

या कानांचा मला कारखान्यात फार उपयोग झाला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि बेअरिंग ऐकायचं. इतरांना मशीन बंद पडल्यावर कळायचं, मला आठवडाभर आधी. साहेब लोक कौतुक करायचे. मी त्याला देणगी समजत होतो. ती भीती होती, आणि ती मी पगारावर लावली होती, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

१९८८ साली लग्न झालं. मी मुलींना कधी मारलं नाही. याचा मला अभिमान होता, आपण अण्णांसारखे झालो नाही असं मी मित्रांना सांगायचो. पण मी गप्प बसायचो. बायकोशी पटलं नाही की बोलणं बंद. दोन दिवस, आठ दिवस. थोरलीने बारावीनंतर मी सांगितलेली शाखा घेतली नाही, तेव्हा मी तिच्याशी जवळजवळ तीन महिने बोललो नाही. जेवायला एकत्र बसायचो. "तिला सांग, लाईटबिल भरून ये," असं बायकोमार्फत. तोंडातून शब्द निघायचे तेव्हा ते अण्णांचेच शब्द आहेत हे मला ऐकू आलं नाही. बेअरिंगमधली कुरकुर ऐकू येणाऱ्या माणसाला हे ऐकू आलं नाही.

आता स्कूटर.

२०१९ च्या दिवाळीत थोरली पुण्याहून आली ती ठरलेलं लग्न मोडल्याचं सांगायलाच. मुलगा चांगला होता, आम्हाला पसंत होता. मी कारण विचारलं. ती बराच वेळ हातातल्या चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढत बसली. मग म्हणाली, "बाबा, तो एखादा तास गप्प राहिला ना, ऑफिसच्या कामात असला तरी, माझ्या पोटात गोळा येतो. मी काही न करता त्याची माफी मागायला लागते. त्याला कळत नाही मला काय होतंय. मलाही कळत नव्हतं." आणि मग, "तुमची चेतक खाली स्टँडला लागायची ना, त्या आवाजावरून आम्हाला दोघींना कळायचं, आज घरात कसं वागायचं. खाड्‍ असा एकच आवाज आला की ठीक. दोनदा आला की मी टीव्ही बंद करायचे आणि ही अभ्यासाला बसायची."

धाकटी शेजारी बसली होती. तिने नुसती मान हलवली.

संपादक महाशय, मला तेव्हा काय वाटायला हवं होतं हे आज मला माहीत आहे. तेव्हा मात्र मी उठून आतल्या खोलीत गेलो आणि दिवाळीचे पुढचे चार दिवस कुणाशी बोललो नाही. ती भाऊबीजेच्या संध्याकाळी पुण्याला परत गेली. निघताना माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला तोही मनातल्या मनात.

पुढच्या वर्षी टाळेबंदी आली आणि त्यातच मी निवृत्त झालो. निरोपसमारंभ झाला नाही. कारखाना नाही, मित्र नाहीत, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जायची सोय नाही. इंदिरानगरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं. कशावरून तरी बिनसलं आणि मी सवयीने तोंड मिटलं. सहाव्या का सातव्या दिवशी बायको ताट वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "तुम्ही बोलत नाही तेव्हा मी या घरात भाड्याने राहते असं वाटतं. ३२ वर्षं झाली." तिचा आवाजही चढला नव्हता. ताट माझ्यापुढे ठेवून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

त्या रात्री मी थोरलीला फोन केला. नुसतं म्हणालो, "तू ज्यांच्याकडे जातेस, त्यांच्याशी मला बोलता येईल का?" पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग ती रडायला लागली.

तिच्या समुपदेशक बाईंनी तिच्या आणि माझ्या गोष्टी एकाच ठिकाणी नकोत म्हणून मला दुसऱ्या एका समुपदेशकांचं नाव दिलं. व्हिडिओवर, आठवड्यातून एकदा, पाऊण तास. पहिल्या दोन वेळा मी कारखान्याबद्दलच बोललो. तिसऱ्या वेळी अण्णांचं निघालं आणि ठोक्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "कसे यायचे ते ठोके? टेबलावर वाजवून दाखवता?" मी बोटाने वाजवले. आधी शांत दिवसाचे, टक टक टक टक. मग बिघडलेल्या दिवसाचे. चार-पाच ठोके झाले असतील, माझे हात गार पडले आणि घशाला कोरड पडली. अण्णांना जाऊन तेव्हा २३ वर्षं झाली होती. घरात मी, बायको आणि बंद पंखा. तरी शरीर तांबट लेनमध्ये होतं.

आपल्याकडे यासाठी फार जुना शब्द आहे: धसका. "पोराने धसका घेतलाय" असं आपल्या आज्या म्हणायच्या आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायच्या. शब्द अचूक होता. धसका घेतला म्हणजे तो आत घेतला, आणि तो आतच राहतो. समुपदेशकांनी मला त्याचं शास्त्र समजावलं ते माझ्यासारख्या फिटरला कळेल असं. मेंदूत अमिग्डाला नावाचा एक छोटा भाग असतो, धोक्याची घंटा वाजवणारा. लहानपणी ती घंटा रोज वाजवावी लागली तर ती नाजूक होऊन बसते. मग धोका नसतानाही, एखाद्या आवाजाने, एखाद्या चेहऱ्याने वाजते. विचार करणारा मेंदू जागा होईपर्यंत छाती धडधडायला लागलेली असते. त्या क्षणी कुणी अंगावर धावून जातो, कुणी पळतो, कुणी जागच्या जागी थिजतो. मी थिजणारा. माझा अबोला मला माझा ताठा वाटायचा, घरच्यांना शिक्षा वाटायची, आणि त्याच्या मुळाशी नऊ वर्षांचं थिजलेलं पोर होतं. याने माझी जबाबदारी कमी होत नाही. पण कुठला पार्ट बिघडलाय हे कळल्याशिवाय दुरुस्ती कशाची करणार?

लहानपणच्या अशा गोष्टींचा मोठेपणी काय परिणाम होतो यावर अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी १७ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास केला होता, त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. लहानपणी मारझोड, अपमान, दुर्लक्ष, घरातली हिंसा असे अनुभव जितके जास्त, तितका पुढे नैराश्य, व्यसन, इतकंच काय हृदयविकाराचाही धोका जास्त. हे ऐकल्यावर मला आमच्या आळीतली किती माणसं आठवली.

पण मला मुळापासून हलवलं ते दुसऱ्या एका प्रयोगाने. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तो १९७० च्या दशकात केला. काही महिन्यांच्या बाळाशी आई खेळते, हसते, बोलते. मग सांगितल्याप्रमाणे ती एकदम चेहरा निर्विकार करते आणि दोनेक मिनिटं बाळाकडे नुसती बघत राहते. बाळ आधी हसून बघतं. मग हात पुढे करतं, आवाज काढतं. मग रडतं, अंग टाकतं, तोंड फिरवतं. दोन मिनिटं! आणि मी थोरलीला तीन महिने तसा चेहरा दाखवला होता. अण्णांनी मला १९ दिवस.

याच्यापुढचा भाग समुपदेशकांनी मला सांगितला नसता तर मी खचलो असतो. ट्रॉनिकच्या पुढच्या कामात असं दिसलं की चांगल्या मायलेकरांचाही सूर निम्म्याहून कमी वेळच जुळलेला असतो. बाकी वेळ तो चुकतो आणि पुन्हा जुळवला जातो. मूल तुटण्याने मोडत नाही, तुटल्यावर कुणी जोडायला आलंच नाही तर मोडतं. वाद झाला, आवाज चढला, चूक झाली, त्यानंतर मोठं माणूस परत आलं का? काही बोललं का?

आमच्या घरांत मोठं माणूस परत येत नाही. आमच्या पिढीत बाप मुलाला, सासू सुनेला, नवरा बायकोला "माझं चुकलं" म्हणत नाही. फार तर न मागता चहा पाठवतो, बाजारातून जिलबी आणतो, "ऊठ, अंघोळ" म्हणतो. समोरच्याने त्यातून समजून घ्यायचं. वर्षानुवर्षं समोरचा घेतोही. आणि मग एक दिवस फोन दोन मिनिटांत ठेवतो.

म्हणून मी शिकलेलं काय ते सांगतो. उपदेश म्हणून वाचू नका, मी अजून शिकाऊच आहे.

राग आला की मी आता म्हणतो, "मला आत्ता बोलता येत नाहीये. अर्ध्या तासाने बोलतो." आणि अर्ध्या तासाने जातो. यातली किल्ली आहे ती वेळ सांगण्यात. गप्प बसणं आणि अबोला यांत हाच फरक आहे की गप्प बसणारा परत कधी येणार ते सांगून जातो. त्या अर्ध्या तासात मी चालतो, श्वास सावकाश सोडतो. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, त्याने धडधड खाली येते.

दुसरी गोष्ट म्हणजे माफीतला "पण". "माझं चुकलं, पण तूही..." हा "पण" काढायला मला दोन वर्षं लागली. आणि माफी नेमकी हवी. "काही चुकलं असेल तर" ही माफी नाही.

१९९४ मध्ये धाकटीचा जन्म झाला तेव्हा माझी आई दवाखान्यातल्या खोलीत, बायकोच्या उशाशी उभी राहून म्हणाली होती, "परत मुलगीच." नंतरही कित्येक वर्षं, पाहुण्यांसमोर, सणासुदीला. मी वर्तमानपत्र उघडून बसायचो. पुढे कळलं की महिलांच्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा मुलगा नसल्यावरून केलेल्या अपमानाला शब्दशः शाब्दिक आणि भावनिक छळात धरतो. तो छळ माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच घरात झाला आणि मी अग्रलेख वाचत होतो. २०२२ च्या पावसाळ्यात एका दुपारी मी बायकोला हे सगळं असंच्या असं म्हणालो. त्या दिवशी आई काय म्हणाली, मी काय केलं नाही, आणि ते चुकलं. ती ऐकत होती. म्हणाली, "तेव्हा बोलायला हवं होतं." आणि कुकर लावायला उठली.

मला वाटलं होतं ती रडेल, मोकळी होईल. तसं झालं नाही. पुढच्या आठवड्यात मी हे समुपदेशकांना जरा तक्रारीच्या सुरात सांगितलं. ते म्हणाले, माफी मागणं तुमचं काम. ती देणं, न देणं, कधी देणं, हे त्यांचं. हे सर्वांत कठीण आहे. आपल्याकडे माफी मागितली की समोरच्याने लगेच "जाऊ द्या हो" म्हणायचं असतं, नाही म्हटलं तर तोच वाईट ठरतो. बायकोने आजवर मला "माफ केलं" असं म्हटलेलं नाही. पण त्या दुपारनंतर तिने मला स्वतःच्या माहेरच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या, ज्या मला ३४ वर्षांत माहीत नव्हत्या.

मी घसरतोही. ऑगस्ट २०२३ मध्ये वाड्याच्या हिश्श्यावरून भावाशी फोनवर वाद झाला आणि मी घरात सगळ्यांशीच बोलणं टाकलं. दुसऱ्या रात्री झोप लागेना, छाती भरून आली. समुपदेशकांना दोन वाजता कसा फोन करणार? १४४१६ हा नंबर मी डायरीत लिहून ठेवला होता. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाईन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडे कुणी तरुण मुलगी होती. तिने मला घाई केली नाही. सकाळी मी बायकोला म्हणालो, "दोन दिवस मी परत तेच केलं. तुझा त्यात काही दोष नव्हता." तीन महिन्यांवरून दोन दिवसांवर आलो होतो. आता बहुतेक वेळा काही तासांत येतो.

इथे थांबून एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहितो, कारण माझं पत्र वाचून कुणा बाईला "बघ, जोडून घ्यायचं असतं" असं सांगितलं जाऊ नये. ज्या घरात आजही हात उचलला जातो, धमक्या दिल्या जातात, तिथे जोडण्याची भाषा करू नये. मारायचं, दुसऱ्या दिवशी रडून माफी मागायची, साडी आणायची आणि पुन्हा मारायचं, ही माफी नव्हे, तो माराचाच एक भाग आहे. ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचा क्रम मांडला. आधी सुरक्षितता, मग झालेलं आठवून त्याचा शोक करणं, आणि त्यानंतर पुन्हा माणसांशी नातं जोडणं. पहिली पायरी गाळून तिसरीवर उडी मारता येत नाही. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक त्या पहिल्या पायरीसाठी आहेत. आणि ज्यांनी आई-बापांशी किंवा सासरशी अंतर ठेवूनच स्वतःला सावरलंय, त्यांना कुणी कृतघ्न म्हणू नये. माझ्या थोरलीने त्या दिवाळीनंतर जवळजवळ वर्षभर आमच्याकडे येणं टाळलं होतं. तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, तिने ते वर्ष घेतलं म्हणून ती आज आमच्याशी बोलते आहे.

तिच्याबद्दल जास्त लिहिणार नाही, ती तिची गोष्ट आहे. एवढंच सांगतो की गेल्या वर्षी तिने लग्न केलं. लग्नाआधी दोघांनी बसून ठरवलंय म्हणे, की रागात असलं तरी "मी आहे, थोडा वेळ दे" एवढं म्हणायचंच. मला साठीत जे कळलं ते त्यांनी तिशीत लिहून काढलं.

माझ्या वयाच्या पत्रलेखकांना एकच विनंती आहे. मुलं फोन का करत नाहीत हे वर्तमानपत्राला विचारण्याआधी एकदा मुलांना विचारून बघा. "मी घरात यायचो तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?" एवढाच प्रश्न. उत्तर आलं की मध्ये बोलू नका. "आम्ही तुमच्यासाठी काय नाही केलं" हे वाक्य तर मुळीच नको. केलंच आहे आपण. शिफ्टा केल्या, ओव्हरटाईम केले, कर्ज काढलं. ते मुलांना माहीत आहे. त्यांना जे सांगायचंय ते दुसरंच आहे.

आपणांसही एक विनंती. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघांत गुडघ्यांवर, साखरेवर, मृत्युपत्रावर व्याख्यानं होतात. ती हवीतच. पण याही विषयावर एक तास का असू नये? आपल्याच शहरात आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठ आहे, बोलणारी माणसं मिळतील. आणि राशिभविष्याच्या शेजारी रोज एक ओळ १४४१६ ची छापता आली तर बघा. रात्री दोन वाजता डायरी शोधावी लागणार नाही.

मुलींच्या खासगीपणासाठी माझं नाव छापू नये. थोरलीने हे पत्र वाचलंय, चिवड्याच्या शेंगदाण्यांचं राहू द्या म्हणाली.

ज्यांना कुणाला, विशेषतः पुरुषांना, यावर बोलावंसं वाटेल, त्यांच्यासाठी एवढंच: इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मंगळवार आणि शनिवार सकाळी साडेसहाला मी एका बाकावर बसलेला असतो. सोबत चहाचा थर्मास असतो आणि दोन जादा कप. सल्ला देत नाही. ऐकायला मला चांगलं येतं.

आपला,
एक निवृत्त कामगार
इंदिरानगर, नाशिक